सांगलीत कॉलेजच्या हॉलमध्ये मोफत जागतिक सिनेमा दाखवायचाय? आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

हॉल रिकामा असताना सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसा. तिथून पडद्याच्या खालच्या कडेची सबटायटल्स मान न वाकवता वाचता येतात का आणि संवादातला शब्द न् शब्द कळतो का, एवढंच तपासा. पुढच्या चार रांगांत प्राध्यापक, पाहुणे आणि हौशी मंडळी असतात, ती कसंही करून सिनेमा बघतात. मागे बसतो तो पहिल्यांदाच आलेला माणूस. त्याला वाचता आलं नाही तर अर्ध्या तासात तो गाडी काढतो आणि परत फिरकत नाही. परवानगी, प्रोजेक्टर, साउंड, वेळ यांची पुढे दिलेली सगळी मापं त्या खुर्चीवरून घेतलेली आहेत. फक्त सुरुवात कागदांपासून करावी लागते.

प्रवेश मोफत, परवानगी नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘आपण तिकीट लावत नाही, मग कसली परवानगी?’ हा युक्तिवाद कायद्यात बसत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण तिची चौकट लहान आहे. संस्थेच्या उपक्रमात दाखवलेला सिनेमा, आणि प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं. पोस्टरवर ‘सर्वांसाठी खुले’ असं छापलं की ही चौकट मोडली. तिथून पुढे हक्कधारकाची लेखी परवानगी हवीच.

दुसरा कागद सेन्सॉरचा. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. परदेशी स्वतंत्र सिनेमांपैकी बहुतेकांनी ते भारतात कधी घेतलेलंच नसतं. अशा वेळी नोंदणीकृत फिल्म सोसायटीची वाट धरतात: शहरातल्या प्रेक्षकांना सभासद करून घ्यायचं, रजिस्टर ठेवायचं, आणि सभासदांसाठीच्या खेळाला केंद्र सरकारकडून प्रमाणपत्राची सूट मिळवायची. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. महाविद्यालयांसाठी तिची कॅम्पस फिल्म सोसायटीची सोय आहे. शेजारी कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे. पहिला अर्ज भरण्याआधी अशा अनुभवी मंडळींना एकदा भेटून या. तासभराच्या गप्पांत महिन्याची पत्रापत्री वाचते.

सोसायटी उभी राहीपर्यंत सोपी वाट म्हणजे प्रमाणपत्र असलेले भारतीय स्वतंत्र सिनेमे घेणं. मराठीतच वर्षभर पुरतील इतके आहेत. मात्र दिग्दर्शकाचा होकार म्हणजे परवानगी असं धरू नका. हक्क बहुधा निर्मात्याकडे असतात, कधी ओटीटी कंपनीला विकलेले असतात, आणि दिग्दर्शक भिडेखातर ‘दाखवा की’ म्हणून मोकळा होतो. त्याच्याकडून हक्क कोणाकडे आहेत तेवढं विचारून घ्या आणि पत्र तिकडे पाठवा.

जुन्या सिनेमांचं गणित वेगळं आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. त्यापेक्षा जुना सिनेमा तत्त्वतः मोकळा, पण त्याची नवी सबटायटल्स कोणाच्या तरी हक्काची असतात, आणि डागडुजी केलेली प्रत देणाऱ्याच्या अटीही असू शकतात. प्रत कुठून आली ते लिहून ठेवा.

घरच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये सिनेमा लावू नका. ते सदस्यत्व घरगुती वापरापुरतं असतं. शिवाय ऐन वेळी प्रोजेक्टरवर काळा पडदा आणि खाली नुसती सबटायटल्स, असा प्रकार होतो. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्यामधली कॉपी-संरक्षणाची बोलणी फिसकटली की चित्र अडवलं जातं. केबल बदलत बसून उपयोग होत नाही.

परवानगीचं पत्र सहा आठवडे आधी जायला हवं. पत्र लांबलचक लिहू नका. समोरच्याला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी एका नजरेत दिसल्या की उत्तर लवकर येतं:

‘नमस्कार. आपला अमुक चित्रपट सांगलीतील आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात अमुक तारखेला सायंकाळी सव्वासहा वाजता एकदाच दाखवण्याची परवानगी हवी आहे. आसने १५०. प्रवेश विनामूल्य, प्रेक्षक विद्यार्थी व शहरातील रसिक. मानधनासाठी आमच्याकडे अमुक रुपये आहेत. १०८०पी एमपी४ फाइल आणि वेगळी सबटायटल फाइल मिळाल्यास सोयीचे होईल. चित्रीकरण होऊ देणार नाही, खेळानंतर फाइल पुसून तसे कळवू. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रतही पाठवावी.’

रकमेचा आकडा स्वतःहून लिहा, कमी असला तरी. ‘आपण सांगाल ते’ असं लिहिलेली पत्रं उत्तराविना पडून राहतात. होकार ईमेलवर आला की छापून फाइलला लावा. प्राचार्यांच्या सहीचं एक पत्र स्थानिक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. गर्दी रस्त्यावर आली तर ती पोच कामाला येते.

आलेल्या फाइलचं काय करायचं

डीसीपी (थिएटरसाठीची डिजिटल प्रत) पाठवतो म्हणाले तर नको म्हणा. ती थिएटरच्या सर्व्हरसाठी असते. प्रोरेसची, म्हणजे संकलनासाठी वापरतात ती जड फाइलही टाळा. दोन तासांचा सिनेमा दीडशे जीबीच्या घरात जातो आणि साधा लॅपटॉप ती फाइल अडखळत चालवतो. १५ एमबीपीएसची एमपी४ फाइल दोन तासांना साडेतेरा जीबी होते आणि बारा फुटी पडद्याला ती पुरते.

ही फाइल पेनड्राइव्हवर घेताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो, जागा भरपूर असूनही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. खेळाच्या दिवशी सिनेमा लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरून चालवा. पेनड्राइव्ह जवळ ठेवायचा तो फक्त दुसरी प्रत म्हणून. नेटवरच्या लिंकवरून थेट दाखवण्याचा विचारही नको.

दोघांनी पूर्ण सिनेमा आधी बघायचा, पळवत नाही. फाइल शेवटी तुटलेली असणं, अर्ध्यातून सबटायटल्स मागे पडणं, किंवा प्राचार्यांना आधी सांगायला हवा असा प्रसंग असणं, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

अंधार

कॉलेजचे हॉल भाषणांसाठी बांधलेले असतात. खिडक्यांना पडदे असतात, पण वरच्या झडपांकडे कोणाचं लक्ष नसतं आणि संध्याकाळचं ऊन नेमकं तिथूनच पडद्यावर उतरतं. काळं कापड महाग पडतं. आपल्या भागात त्याला चांगला पर्याय आहे: भाजीच्या वाफ्यांवर अंथरतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर. कृषी सेवा केंद्रात चार फूट रुंदीचा रोल मिळतो. अख्खा रोल ४०० मीटरचा असतो, तेवढा लागत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडे उरलेला तुकडा हमखास सापडतो. तणापर्यंत उजेड जाऊ नये म्हणूनच तो बनवलेला असल्यामुळे झडपेवर एक थर पुरतो. चंदेरी बाजू बाहेर, काळी आत. चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक कड जरी सुटी राहिली तरी पंख्याच्या वाऱ्याने तो फडफडतो, आणि शांत प्रसंगात तो आवाज पावसासारखा वाटतो.

त्याहून सोपं म्हणजे सूर्य मावळल्यावर खेळ लावणं. इथे डिसेंबरात साधारण सहाला आणि मे-जूनमध्ये सातला सूर्य मावळतो. उन्हाळ्यात दीडशे माणसं खिडक्या बंद करून बसवली तर सिनेमा कोणीच बघत नाही, सगळे वारा घेत बसतात. एप्रिल-मे मध्ये साडेसातला सुरू करा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

पडदा आणि प्रोजेक्टर

बारा फूट रुंद पडदा धरू. १६:९ च्या चित्राला उंची पावणेसात फूट, क्षेत्रफळ ८१ चौरस फूट. पूर्ण अंधारात चांगल्या थिएटरइतका उजेड हवा तर दर चौरस फुटाला १६ ल्युमेन (उजेडाचं माप), म्हणजे पडद्यावर साधारण १३०० ल्युमेन पोचायला हवेत. खोक्यावरचा आकडा मात्र तसाच्या तसा धरायचा नसतो. रंग बरे दिसावेत म्हणून सिनेमा मोडवर टाकलं की साधारण साठ टक्केच हातात राहतात. वर्गातला जुना प्रोजेक्टर ४:३ चा असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्यांत आणखी पाव भाग वाया जातो. ३००० ल्युमेनच्या अशा प्रोजेक्टरचे शेवटी १३५० उरतात, तेही दिवा नवा असेल तर. दिवा जुना असला तर उजेड निम्म्यावर येतो. तेव्हा ४००० ल्युमेनचा मागा, नाहीतर पडदा दहा फुटांचा करा. अंधुक मोठ्या चित्रापेक्षा लहान आणि लख्ख चित्र कधीही बरं.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, सांगतो. रेशो १.५ असेल तर बारा फुटांच्या चित्राला अंतर अठरा फूट. म्हणजे तो खुर्च्यांच्या मधोमध येतो. त्याच्या मागच्या चार खुर्च्या रिकाम्या ठेवा आणि केबल जमिनीला चिकटवा. चित्र तिरकं दिसलं की सगळे कीस्टोनचं (तिरकेपणा सुधारण्याचं) बटण दाबतात. त्याने कडा सरळ होतात, पण चित्राचे ठिपके वाया जातात आणि बारीक अक्षरं फुटतात. त्याऐवजी प्रोजेक्टर उचलून पडद्याच्या मध्यरेषेवर आणा.

पडदा म्हणून मांजरपाट लावणार असाल तर दुहेरी घ्या, एकेरीतून उजेड आरपार जातो. पुढच्या बाजूने फ्लेक्स नको, चकाकतो. मॅट पांढऱ्या रंगाची गुळगुळीत भिंत या सगळ्यांपेक्षा चांगली. ऑइल पेंटच्या भिंतीवर मात्र मधोमध दिव्याचा गोळा दिसतो.

पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फुटांवर हवी. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण तेवढ्यावर येतं, आणि सबटायटल्स नेमकी त्याच पट्ट्यात असतात. सपाट हॉलमध्ये खुर्च्या एकामागे एक न लावता दोन खुर्च्यांच्या फटीत मागची खुर्ची, अशा लावा. शिपायाला आदल्या दिवशी एक रांग लावून दाखवा, नाहीतर तो सवयीने परीक्षेच्या रांगा लावतो.

सबटायटल्स

अक्षरांची उंची चित्राच्या उंचीच्या पाच टक्के ठेवली तर आपल्या पडद्यावर ती चार इंच येते. अंतराच्या दीडशेव्या भागाइतकं अक्षर आरामात वाचता येतं, म्हणजे चार इंची अक्षर पन्नास फुटांपर्यंत चालतं. शेवटची रांग त्याच्यापुढे असेल तर ती रांग काढून टाका. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांना जागा लागते, म्हणून आकार थोडा वाढवा.

सबटायटल फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलसारखंच ठेवलं की व्हीएलसी हा मोफत प्लेयर ती आपोआप उचलतो. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं आली तर फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवलेली नाही किंवा निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. अक्षरं दिसली म्हणून लगेच सुटलो समजू नका. ‘क्षितिज’, ‘ज्ञानेश्वर’, ‘दुसऱ्या’, ‘कर्तृत्व’ हे शब्द घातलेली एक ओळ लावून बघा. काही प्लेयरमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. तसं झालं तर एमपीव्ही प्लेयर वापरून पाहा, नाहीतर सबटायटल्स चित्रातच पक्की करून घ्या. व्हीएलसीत ओळी पुढे-मागे करायला जी आणि एच ही बटणं आहेत. जीने लवकर येतात, एचने उशिरा.

मराठी सबटायटल्स स्वतः करणार असाल तर भाषांतराचीही परवानगी त्याच पत्रात मागा. सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळिसाच्या आत अक्षरं, पडद्यावर किमान दीड सेकंद. सगळं बोललेलं उतरवायला जाऊ नका. ‘मला असं वाटतं की कदाचित आपण आता निघायला हवं’ याचं ‘निघूया’ झालं तरच प्रेक्षकाला चेहरा बघायला वेळ मिळतो. दोन विद्यार्थ्यांना एका सिनेमाला तीन आठवडे द्या, आणि तिसऱ्याकडून शुद्धलेखन तपासून घ्या. सांगलीतला प्रेक्षक ऱ्हस्व-दीर्घाची चूक चर्चेत सगळ्यांसमोर काढतो.

संवाद ऐकू येत नाहीत, संगीत मात्र येतं

ही तक्रार कायमची आहे, आणि तिची कारणं ठरलेली दोन. साउंडवाला लॅपटॉपची बारीक स्टिरिओ पिन थेट माइकच्या केबलला जोडतो. माइकचा इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा पुढे पाठवतो. संवाद डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखेच असतात, त्यामुळे वजाबाकीत ते नाहीसे होतात. संगीत दोन्ही बाजूंना थोडं वेगळं असतं, म्हणून ते शिल्लक राहतं. उपाय सोपा आहे: एका बारीक पिनेच्या दोन वेगळ्या पिना करणारी केबल घ्या आणि मिक्सरच्या दोन लाइन इनपुटना लावा. दुसरं कारण म्हणजे फाइलमधला आवाज ५.१, म्हणजे सहा चॅनेलचा असतो, संवाद मधल्या चॅनेलवर असतात, आणि तो चॅनेल कुठे पोचतच नाही. प्लेयरमध्ये आणि लॅपटॉपमध्ये दोन्हीकडे स्टिरिओ निवडा. म्हणूनच साउंड तपासताना गाणं लावायचं नाही, दोन माणसं हळू बोलतायत असा प्रसंग लावायचा.

लॅपटॉपचा चार्जर लावला की घुंऽऽ आवाज येतो आणि काढला की थांबतो, तर तो अर्थिंगचा आहे. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मधे डीआय बॉक्स (ही घरघर तोडणारी छोटी पेटी) लावा. एचडीएमआय केबल लावली की आवाज प्रोजेक्टरच्या पोटातून येऊ लागतो, तो लॅपटॉपच्या सेटिंगमधून परत हेडफोनच्या वाटेवर आणा. ब्लूटूथ स्पीकर नको, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या वर, तोंड शेवटच्या रांगेकडे. हॉल घुमत असेल तर मंडपवाल्याच्या सतरंज्या मागच्या भिंतीला टांगा. पावसाळ्यात पत्र्याच्या हॉलला मात्र इलाज नाही, तेव्हा जागाच बदला.

वीज आणि पाणी

प्रोजेक्टर ३०० वॅट आणि लॅपटॉप ६५. यांना ६०० व्हीएचा यूपीएस अपुरा पडतो, १ केव्हीएचा घ्या. तो काही मिनिटंच टिकतो, पण जनरेटर सुरू होईपर्यंत तेवढा वेळ पुरतो. दिव्याचा प्रोजेक्टर वीज गेल्यावर लगेच चालू केला तर पेटत नाही, दिवा गार व्हावा लागतो. घाईत बटण दाबत राहिलात तर दिव्याचं आयुष्य कमी होतं.

जुलै-ऑगस्टमधल्या तारखा कच्च्या धरा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी चाळिसाकडे चढायला लागलं की खेळ पुढे ढकला आणि सामान तळमजल्यावरून वर न्या. गणेशोत्सवातले दिवसही सोडा, डॉल्बीपुढे कुठलाच सिनेमा टिकत नाही.

वेळ, फाटक, प्रेक्षक

महिन्याचा एक ठरलेला दिवस धरा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार. बँकेतली माणसं त्या दिवशी मोकळी असतात. मिरज, माधवनगर, तासगावहून येणाऱ्यांना परतीची गाडी हवी. सव्वासहाला सुरू, शंभर मिनिटांचा सिनेमा, वीस मिनिटं चर्चा, आणि साडेआठला फाटकाबाहेर, असा हिशेब ठेवा. पहिले सहा महिने दोन तासांहून लांब सिनेमा नको. भराभर बोलणाऱ्या सिनेमांऐवजी कमी संवादांचे घ्या. ज्यांना सबटायटल्स वाचायची सवय नाही त्यांचं सगळं लक्ष वाचण्यातच जातं.

या गावाला वेळ पाळायला शिकवावी लागत नाही, फक्त आठवण द्यावी लागते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे नाटक उभं केलं तेव्हापासूनची सवय आहे. तीन घंटा ठेवा: सहा, सहा दहा, सव्वासहा. तिसऱ्या घंटेला दिवे बंद म्हणजे बंद. प्रास्ताविक पाच मिनिटांत संपवा. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ असं म्हणणारे पाहुणे, यांना सिनेमाच्या आधी जागा नाही.

बाहेरच्या माणसाला कॉलेजचं फाटक हाच मोठा अडथळा असतो. वॉचमनकाकांना तारीख लिहून द्या आणि ओळखपत्र मागू नका असं सांगा. फाटकापासून हॉलपर्यंत बाण लावा. सुट्टीच्या दिवशी स्वच्छतागृहांना कुलूप असतं. विशेषतः महिलांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे हे दुपारीच शोधा. पोस्टर नाट्यगृह, वाचनालयं, एसटी स्टँडजवळची चहाची दुकानं इथे लावा. व्हॉट्सॲपवर दोनच संदेश: बुधवारी एक, शनिवारी सकाळी एक. त्यात देश, वर्ष, भाषा, सबटायटल्सची भाषा, लांबी आणि प्रमाणपत्र एवढं हवं. कथा सांगू नका.

‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा असेल तर अकरावी-बारावीची मुलं आत येऊ शकत नाहीत, कॉलेज त्यांचंच असलं तरी. दारात एक शिक्षक उभा करा, विद्यार्थी स्वयंसेवकाला मित्रांना अडवणं जमत नाही.

लॅपटॉपवर झोपेची वेळ ‘कधीच नाही’, सूचना बंद, अपडेट थांबवलेलं, वायफाय बंद, एवढं पाच वाजता करून टाका. पहिली दहा मिनिटं, मधली पाच आणि शेवटची पाच चालवून बघा. तेव्हाच एकाने शेवटच्या रांगेत बसायचं आणि तो हात वर करेपर्यंत आवाज वाढवायचा. हॉल भरल्यावर माणसांचे कपडे आवाज पितात, म्हणून आणखी थोडा वाढवा.

नामावली संपेपर्यंत दिवे लावू नका. चर्चेला पहिला प्रश्न ‘कसा वाटला?’ असा नको, त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर येत नाही. ‘शेवटी ती दार का लावत नाही?’ असा एखादा नेमका प्रसंग धरून विचारा. माइक फिरवणाऱ्याने माइक हातातून सोडायचा नाही, पुढे धरायचा फक्त.

दिवे लागताच भरलेल्या खुर्च्या मोजून आकडा लिहा. लोक पांगले की लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह दोन्हीकडची फाइल पुसा, आणि त्याच रात्री हक्कधारकाला दोन ओळी पाठवा: किती जण आले, चर्चेत काय निघालं, फाइल पुसली. पुढच्या सिनेमाची परवानगी मागताना हीच ईमेल खाली जोडता येते.